सुई अटकते कधी कधी

"साहब, एक बार फिर देख लीजिए. सुई कभी-कभी अटक जाती है," असं म्हणून त्याने हातातल्या रिपोर्टवर मधल्या बोटाने तीनदा टकटक केलं.

मोठे डॉक्टर वॉर्डाच्या दारात उभे होते. मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. ते रागावले नाहीत. रागवायलाही माणसात थोडी ताकद लागते, आणि त्या दुपारी ती त्यांच्यात उरली नव्हती.

"ये बॉयलर नहीं है, भाई," ते म्हणाले. "दवा के बाद नंबर गिरना चाहिए था, नहीं गिरा. बीमारी अंदर कहीं फैल रही है. ऐसे में टाँग काटकर बच्ची को क्या मिलेगा? घर ले जाओ. जितने दिन हैं, अपने पैरों पर रहने दो."

एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले.

त्याने पुन्हा कागदावर टकटक केलं. कागदाला सुई नसते. आकडा होता तोच राहिला.

मग तो माझ्याकडे वळला. मी तिथेच बाकावर बसले होते. "माताजी, आपका कितना आया?"

"उतर गया," मी म्हणाले.

दुसरी कुणी बाई असती तर आमचा रिपोर्ट अजून यायचाय म्हणाली असती. मला ते जमत नाही. आणि लपवून काय होणार होतं? अर्ध्या तासात साऱ्या वॉर्डाला सगळ्यांचे आकडे कळायचे.

"अच्छा है," तो म्हणाला. "बहुत अच्छा है, माताजी." आणि तो मुलीच्या खाटेकडे न जाता जिन्याकडे गेला. खाटेवर ती त्याची वाट बघत मान उंच करून बसली होती.

त्या माणसाबद्दल लिहायचं आहे. त्याचं नाव लिहीत नाही. त्याची मुलगी आहे, तिला आवडेल न आवडेल.

ही गोष्ट नव्वद सालानंतरची, लखनौची. यांची नोकरी रेल्वेच्या कचेरीत, म्हणून आम्ही मानक नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी आर्वीकडची, चौथी शिकलेली. लग्न करून जी तिकडे गेले ती तिकडचीच झाले. माझा धाकटा विजू कॉलेजात जायला लागला आणि त्याचा गुडघा दुखायला लागला. क्रिकेटचं दुखणं म्हणून आम्ही तेल लावलं. ते हाडाच्या कॅन्सरचं निघालं. एवढं पुरे. त्याच्या पुढचं ज्यांच्या घरी झालं असेल त्यांना माहीत आहे, आणि ज्यांच्या घरी झालं नाही त्यांना सांगून कळत नाही.

सरकारी इस्पितळात हाडांच्या पेशंटांचा एकच लांबट वॉर्ड होता. मध्ये हिरवा पडदा. अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. पडदा दिवसभर गुंडाळलेलाच असायचा, कारण तो ओढला की कुणालाच वारा यायचा नाही. पडद्याच्या या बाजूची शेवटची खाट गुड्डीची, त्या बाजूची पहिली विजूची. गुड्डी म्हणजे याची मुलगी. तेरा-चौदा वर्षांची, बापासारखी लांब हातापायांची. तिलाही गुडघ्याच्या वरच होतं.

हा चिनहटच्या एका फॅक्टरीत बॉयलरवर होता. वाळलेला माणूस, उन्हाळ्यातही गळ्यात मफलर, उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा जुना गुळगुळीत डाग. बॉयलरला घड्याळासारखं एक तोंड असतं, त्यात सुई असते, आत वाफ किती झाली ते ती सांगते. ती सुई कधी कधी अटकते. म्हणून बॉयलरवाला माणूस आकडा वाचण्याआधी काचेवर बोटाने टकटक करतो. सुई हलली तर ती खोटं सांगत होती. नाही हलली तर आकडा खरा. हे त्याने मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं, मी विचारलं नसताना.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याचा धंदा त्याच्या हातात उतरतो आणि मग हात कुठेही गेला तरी धंदाच करतो. हा सलाईनच्या बाटलीवर टकटक करायचा. वॉर्डाच्या घड्याळावर करायचा. चहाच्या ग्लासावर करायचा आणि मग प्यायचा. गुड्डी जेवली म्हणाली की तिच्या ताटलीवर करायचा. एकदा त्याने मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावरच्या रक्तदाबाच्या यंत्रावर टकटक केलं आणि नर्स त्याच्या अंगावर ओरडली.

"सिस्टर, इसकी सुई भी तो देखिए," तो गंभीरपणे म्हणाला.

विजूने त्याचं नाव टकटक चाचा ठेवलं. विजू माझ्याशी हिंदीतच बोलायचा. मी मराठीत बोलायची, तो समजायचा सगळं. "आई, टकटक चाचा आ गए. अब तुम्हारे डिब्बे की जाँच होगी." आणि खरंच, हा येऊन माझ्या डब्याच्या झाकणावर बोट वाजवून विचारायचा, "क्या बना लाईं, माताजी?"

त्याची बायको तहरी पाठवायची. तहरी म्हणजे आपला मसालेभातच, पण त्यांच्याकडे मटार जास्त आणि तिखट कमी. तो मला वाढायचा, मी त्याला पोळी-भाजी द्यायची. माझ्या भाजीने त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. "आप लोग मिर्च खाते हैं कि मिर्च आपको?" हे तो दर वेळी म्हणायचा आणि दर वेळी स्वतःच हसायचा.

आता नंबराचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

हाडाच्या कॅन्सरात रक्तातला एक आकडा बघतात. तीन इंग्रजी अक्षरांचं नाव आहे, एलडीएच. आम्ही सगळे नंबरच म्हणायचो. गाठ जोरात असली की तो चढतो, औषध लागू पडलं की उतरतो. हाडांचा म्हणून आणखी एक आकडा होता, पण वाढीच्या वयातल्या पोरांमध्ये तो तसाही चढलेला असतो, म्हणून डॉक्टर त्याच्यावर फार विसंबत नसत. आमच्या वॉर्डात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. आम्ही तिला छोटी डॉक्टर म्हणायचो. कोण जगणार हे रक्तावरून आधी सांगता येतं का, ते ती शोधत होती. ती म्हणायची, जिनका नंबर गिरता है वो अक्सर बच जाते हैं, जिनका नहीं गिरता वो अक्सर नहीं बचते. अक्सर म्हणजे बहुधा. हा शब्द ती दर वेळी म्हणायची. ऐकणारे तेवढाच शब्द सोडून बाकीचं ऐकायचे.

त्यातून वॉर्डात एक रीतच पडली होती. नवीन पेशंट आला की आधी गाव, मग नंबर विचारायचा. ज्याचा नंबर उतरला त्याचे लोक वॉर्डभर रेवड्या वाटायचे, आणि ज्यांचा चढला होता ते त्या रेवड्या हातात घेऊन बसायचे, तोंडात टाकायचे नाहीत. मोठ्या डॉक्टरांचीही रीत ठरलेली. औषधाच्या फेऱ्या झाल्या, नंबर उतरला, की पाय काढायचा आणि पोर वाचवायचं. नंबर उतरलाच नाही तर पाय तसाच ठेवून घरी पाठवायचं. खाटा थोड्या, शस्त्रक्रियेचे दिवस त्याहून थोडे. त्यांचंही चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

इस्पितळातलं नंबराचं यंत्र बंद होतं. कधीपासून ते कुणाला आठवत नव्हतं. म्हणून रक्त काढलं की ती काचेची नळी बूच लावून नातेवाइकाच्याच हातात द्यायचे. निशातगंजला एक लॅब होती, तिथे नेऊन द्या. कसं न्यायचं हे कुणी सांगत नसे. न्यायचं एवढंच.

तर मी आणि हा, एकाच दिवशी रक्त निघालं की एकाच टेम्पोत बसून जायचो. लखनौचे ते टेम्पो तुम्ही पाहिले नसतील. मागे समोरासमोर दोन बाकं, गुडघ्यात गुडघे अडकलेले, आणि इंजिनाचा आवाज असा की शेजाऱ्याशीही ओरडून बोलावं लागायचं. मी नळी रुमालात गुंडाळून छोट्या डब्यात उभी करायची आणि डबा मांडीवर धरून बसायची. आडवी केली तर बूच निघून लुगड्यावर सांडेल ही भीती. हा मात्र नळी अंगठा आणि बोटात धरून कानापाशी हलवत बसायचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. दमला की हात बदलायचा.

"खुळखुळा है क्या?" मी विचारलं.

"खून जम जाएगा, माताजी. ठहरा और जमा. जम गया तो मशीन क्या पढ़ेगी?"

समोरचा एक गृहस्थ म्हणाला, "क्या है भाई, दवाई है?"

"खून है."

गृहस्थ पुढच्या स्टॉपवर उतरला. त्याच्या जागेवर कुणी बसेना. आम्ही ऐसपैस गेलो.

त्याचं म्हणणं मला पटलं होतं. रक्त गोठतं हे कुणाला माहीत नाही? पोर पडलं, गुडघा फुटला, थोड्या वेळाने त्यावर खपली धरते. मी हलवत नव्हते त्याचं कारण एवढंच की माझं मनगट तेव्हाही दुखायचं. संधिवात. शहाणपण वगैरे काही नाही. तो मला रागवायचा. "हिलाइए माताजी, हिलाइए. बच्चे का खून है."

"मेरा हाथ दुखता," मी म्हणायची. "जमता तो जमने दो."

औषधाच्या पहिल्या फेरीनंतर आमचा नंबर उतरला. गुड्डीचा चढला. मी रेवड्या वाटल्या नाहीत. विजू म्हणाला, "आई, बाँटो ना, सब बाँटते हैं." मी म्हटलं, तुझा पाय दुखतोय अजून, गप्प पड.

दुसऱ्या फेरीनंतर विजूला उलट्या थांबेनात. मला जाता येईना. हा म्हणाला, "लाइए, हम दोनों ले जाते हैं." दोन्ही नळ्या घेऊन तो गेला. दुपारी परत आला तो समाधानाने. "आपका भी हिलाते हुए ले गए. दोनों हाथ चलते रहे." दोन हातांत दोन नळ्या घेऊन टेम्पोत बसलेला तो माणूस मला अजून दिसतो, मी पाहिलेला नसताना.

त्या वेळी दोघांचेही नंबर चढले. विजूचाही. यांनी कचेरीतून रजा घेतली आणि दोन दिवस खुर्चीत बसून राहिले. वॉर्डातल्या बायका म्हणाल्या, दिवसच वाईट होता.

तिसऱ्या वेळी मी आमची नळी आमच्या डब्यात घेऊन गेले. आमचा नंबर उतरला. त्याचा आणखी चढला. तोच तो दिवस, मी सुरुवातीला सांगितला तो. घरी घेऊन जा म्हणाले तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सामान बांधत होता. तसं सामान काही नव्हतं. गुड्डीची चादर, डबा, एक प्लॅस्टिकची बादली. गुड्डीला त्याने सांगितलं होतं, छुट्टी मिल गई. ती खूश होती. विजूला तिने सांगितलंही, "मेरी टाँग नहीं कटेगी, भैया. तुम्हारी कटेगी." पोरं अशीच बोलतात. विजू म्हणाला, "चल झूठी." आणि मग तिच्याकडे न बघता भिंतीकडे तोंड केलं. एकोणीस वर्षांचा होता तो. त्याला कळत होतं, टाँग न कटणं म्हणजे काय.

तेवढ्यात छोटी डॉक्टर आली. वॉर्डातल्या सगळ्यांचे नंबर तिला तोंडपाठ असायचे. गुड्डीच्या गुडघ्यावर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. "सूजन कम है," ती स्वतःशीच म्हणाली. "छाती का एक्स-रे साफ़ है. खाना खा रही है. नंबर ही क्यों चढ़ रहा है?" मग ती एकदम माझ्याकडे वळली. "माताजी, विजय का नंबर बीच में एक बार चढ़ा था. उस बार कुछ अलग हुआ था? बुखार? खून किसने पहुँचाया था?"

मी त्याच्याकडे बोट केलं.

"हमने पहुँचाया था," तो म्हणाला. त्याला वाटलं, उशीर झाला का असं ती विचारते आहे. "देर नहीं हुई, डॉक्टर साहिबा. सीधे गए."

"कैसे ले गए थे?"

आणि मग त्याने दाखवलं. टेबलावर रिकामी नळी पडली होती, ती उचलली. अंगठ्यात आणि बोटात धरली. कानापाशी नेली आणि हलवायला लागला. "ऐसे. यहाँ से निशातगंज तक. एक मिनट रुकने नहीं दिया. ये हाथ थका तो इस हाथ में." त्याने हात बदलून दाखवला. "टेम्पो रुकता था, हम नहीं रुकते थे. बॉयलर का आदमी हूँ, ठहरा पानी जानता हूँ. जमी हुई एक बूँद नहीं मिलेगी, आप बेफ़िक्र रहिए."

गुड्डी हसत होती. "पापा तो पानी का गिलास भी हिलाकर देते हैं."

छोटी डॉक्टर खाटेवर बसली. डॉक्टर कधी पेशंटच्या खाटेवर बसत नाहीत. हा अजून नळी हलवतच होता.

"रख दीजिए," ती म्हणाली.

तिने हळूहळू सांगितलं. नळीतलं रक्त गोठायलाच हवं असतं. ते गोठून खाली बसतं, वर पिवळं पाणी उरतं, आणि नंबर त्या पाण्याचा काढतात. रक्त जोरात हलवलं की त्यातले कण फुटतात. त्यांच्या आतलं सगळं त्या पाण्यात उतरतं. मग यंत्र गाठीचं मोजत नाही, हलवण्याचं मोजतं. नळीतलं पाणी लाल दिसलं असणार, लॅबवाल्यांनी ते सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तो सुई..."

"हाँ, अटकी हो सकती है. अभी पता नहीं. दोबारा देखना होगा."

"हमें किसी ने बताया नहीं," तो म्हणाला. तक्रार नव्हती ती. चौकशी केल्यासारखा म्हणाला.

"नहीं बताया. बताना चाहिए था," ती म्हणाली.

तो बादली उलटी करून तिच्यावर बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. आपल्याच अंगाखाली दाबून धरले. तसाच बसला. गुड्डीने दोनदा हाक मारली, "पापा, चलें?" साऱ्या वॉर्डाने ऐकलं होतं आणि सारा वॉर्ड दुसरीकडे बघत होता.

मला अशा शांततेचा कंटाळा येतो. मी म्हटलं, "बैठने से क्या होता, भैया? लड़की का खून निकालो फिर से. मैं लेके जाती."

या वेळी गुड्डीची नळी माझ्या डब्यात उभी राहिली. तो माझ्याबरोबर आला, पण तिला हात लावायला तयार नव्हता. टेम्पोत माझ्यासमोर बसला, हात पुन्हा मांड्यांखाली. आणि त्या दिवशी त्या टेम्पोवाल्याचं जे झालं ते विचारू नका. खड्डा आला की हा ओरडायचा, "धीरे भैया, धीरे!" वळण आलं की "धीरे!" ब्रेक लागला की माझ्या डब्याकडे असा बघायचा की आत तान्हं मूल आहे. लोक वैतागले. एक बाई म्हणाली, "इतना डर है तो रिक्शा कर लेते." ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, "अंडे हैं क्या?"

"आगे देखो!" आम्ही दोघंही ओरडलो.

लॅबच्या खिडकीत नळी देताना मी पाहिलं. खाली गडद गोळा, वर पातळ पिवळं पाणी. तूर शिजल्यावर वर येतं तसं. मी त्याला म्हटलं, देखो. त्याने पाहिलं नाही. तो रस्त्याकडे तोंड करून उभा होता.

नंबर उतरलेला आला. पुष्कळ उतरलेला. मोठ्या डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला आणि गुड्डीच्या पायाचा दिवस ठरवून दिला. कुणी कुणाची माफी मागितली नाही. तेवढा वेळ कुणापाशी नव्हता.

तर आमचा आनंद हा, की आता मुलीचा पाय कापतील. जगात कसल्या कसल्या गोष्टींचा आनंद होतो. त्याने रेवड्या आणल्या. वाटल्या मात्र त्याच्या बायकोने. तो जिन्यात उभा होता.

आधी विजूचा पाय गेला, मग गुड्डीचा. विजूला मोठे डॉक्टर म्हणाले, "तुम तो हमारे सबसे अच्छे नंबर वाले हो." विजूने ते येईल त्याला सांगितलं. गुड्डी चिडायची. "मेरा भी गिरा है. पापा ने चढ़ा दिया था." ती हसून म्हणायची. बाप ऐकायचा. मी एकदा तिला बाजूला घेऊन सांगितलं, हे परत म्हणू नकोस. ती म्हणाली, "क्यों, माताजी? मैं तो मज़ाक करती हूँ." मी म्हटलं, तो करत नाही.

त्याने फॅक्टरीतल्या पोकळ नळ्या वाकवून दोघांसाठी कुबड्या बनवल्या. काखेत जाड कापड शिवलेलं, खाली टायरच्या रबराची टोपी. विजूचं माप घेतलं नव्हतं, नजरेनेच ओळखलं होतं, आणि ते बरोबर निघालं. व्हरांड्यात दोघं उभी राहिली. विजू म्हणाला, "रेस, गुड्डी?" ती म्हणाली, "पहले सीधे खड़े तो हो लो." मी आणि तिचा बाप दोन्ही बाजूंनी हात पसरून उभे. कुणी पडलं नाही.

तेव्हा विजू मला हळूच म्हणाला, "आई, देखा? टकटक चाचा अब टकटक नहीं करते."

मी पाहिलं होतं. सलाईनची बाटली, ग्लास, घड्याळ, काही नाही. हात पँटच्या खिशात. बोट उठायला लागलं की दुसऱ्या हाताने धरून ठेवायचा. फॅक्टरीत काय करता, मी विचारलं. म्हणाला, "दूसरे से कहता हूँ, तू ठोक. हम पढ़ लेते हैं." यावर हसावं की काय करावं ते मला कळलं नाही, म्हणून मी डबा उघडला. माझ्या डब्याचं झाकणही त्याने त्यानंतर कधी वाजवलं नाही.

आम्ही घरी आलो. विजू कुबड्यांवर कॉलेजात जायला लागला. तपासण्या होत होत्या, नंबर उतरलेलाच राहिला. छोटी डॉक्टर त्याच्यावर खूश होती. पुढच्या हिवाळ्यात त्याला खोकला धरला. लखनौत थंडीत सगळ्यांनाच खोकला असतो, दिवस दिवस धुकं हटत नाही. एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांत ठिपके निघाले. नंबर तेव्हाही फारसा वाईट नव्हता. तो चढला, पण सगळं हाताबाहेर गेल्यावर चढला. आंब्यांना मोहोर आला तेव्हा विजू गेला. घरीच गेला, मानक नगरच्या क्वार्टरमध्ये. याहून जास्त मी त्याबद्दल लिहिणार नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी मी दुधासाठी दार उघडलं. तो बाहेर उभा होता. सायकल भिंतीला टेकवलेली. चिनहटहून मानक नगर म्हणजे शहराचं एक टोक आणि दुसरं टोक. किती वेळ उभा होता कोण जाणे. दार वाजवायला हात उचलला असेल आणि परत खाली घेतला असेल. मफलरवर दंव साचलेलं होतं.

"दरवाज़ा क्यों नहीं बजाया?" मी विचारलं.

तो आत येऊन जमिनीवर बसला. यांनी खुर्ची पुढे केली, ती त्याने घेतली नाही. मी चहा केला. ग्लास त्याने हातात नुसता धरून ठेवला. मग म्हणाला, "माताजी, आपका नंबर तो अच्छा था."

"होता," मी म्हणाले. माझ्या तोंडून मराठीच आलं.

"हमेशा अच्छा था. हमारा..."

"छोटी डॉक्टर ने 'अक्सर' बोला था, भैया," मी म्हणाले. "हर बार बोलती थी. अक्सर."

त्याने मान हलवली. चहा गार झाला होता, तो त्याने तसाच पिऊन टाकला. निघताना त्याची नजर कोपऱ्यात गेली. विजूच्या कुबड्या तिथे भिंतीला लावून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, घेऊन जा. लांब आहेत, कापून गुड्डीला होतील. इथे राहून मी त्या रोज पुसत बसेन, ते मला नको. त्याने त्या सायकलच्या दांड्याला सुतळीने बांधल्या. गाठ मारताना एकदा त्याचं बोट त्या नळीपाशी गेलं. मला वाटलं, वाजवतो आता. नाही वाजवलं.

त्यानंतर तो होळीच्या सुमारास दर वर्षी यायचा. तहरीचा डबा आणायचा, माझ्या भाजीने डोळे पुसायचा. मिर्च तुम्हाला खाते का, हे म्हणायचं मात्र सोडून दिलं होतं. आम्ही फार बोलत नसू. मग एका होळीला तो आला नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात दारावर टेम्पो थांबला. गुड्डी उतरली. एकटी. मी तिला आधी ओळखलंच नाही, इतकी उंच झाली होती. "पापा नहीं रहे, माताजी," ती उभ्याउभ्याच म्हणाली. फॅक्टरीतच छातीत कळ आली, इस्पितळापर्यंतही नेता आलं नाही. ते सांगून झाल्यावर ती बसली, पाणी प्यायली, आणि शिवणकाम शिकते आहे, पायाने नाही तर हाताने चालणारं मशीन घेतलं आहे, असं सांगत राहिली. जाताना उठली तेव्हा मी कुबड्या पाहिल्या. विजूच्या होत्या. विजू काही फार उंच नव्हता, आमच्यात कुणीच नाही. तिच्या बापाने त्या कापल्या नव्हत्या, नुसत्या ठेवून दिल्या होत्या. आता त्या तिला बरोबर लागत होत्या.

वॉर्डातल्या त्या दोन खाटांवरच्या पोरांपैकी गुड्डी वाचली. विजू नाही.